बुडालेलं रान किती श्वास सोडतं

ग्रासिएमा आमच्या काउआसू तळ्यावर उतरली तेव्हा दरवर्षीच्या पुराचं पाणी रानात चढायला लागून चार महिने झाले होते, आणि आमच्या तरंगत्या घराचा दोर मी तिसऱ्यांदा सोडून आणखी वरच्या फांदीला बांधला होता. तिच्याबरोबर सात पेट्या होत्या. त्यातली पिवळी पेटी तिनं कुणालाही उचलू दिली नाही. कडेवर मूल घ्यावं तशी ती घेऊनच बाई फळीवरून तोल सावरत आत आली. बेलें शहरातली मुलगी, तिशीतली, बुटकी, आणि एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही.

‘डॉक्टरबाई आल्यात’ अशी हाकाटी आधीच पसरली होती. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या वस्तीतली झुलेइदी आपला सुजलेला गाल घेऊन होडीतून हजर झाली.

“अहो, मी तसली डॉक्टर नाही,” ग्रासिएमा म्हणाली. “मी वायूची डॉक्टर आहे.”

झुलेइदीनं जरा विचार केला. “मग माझी दाढ राहू दे. उद्या नवऱ्याला घेऊन येते.”

ग्रासिएमा इतकी हसली की मला तेव्हाच ती आवडली.

माझं काम तिघांचा स्वयंपाक करणं आणि इंजिनाची होडी चालवणं. जिथं इंजिन चालत नाही, तिथं दाट झाडीत माझे वडील वल्ह्याची होडी नेणार, असं ठरलं होतं. वडिलांचं नाव ओस्मारिनो. एकाहत्तर वर्षांचे. पाण्याखाली कुठं ओहोळ आहे, कुठं उंचवटा आहे, हे वरचं पाणी बघून सांगणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस या तळ्यावर नव्हता. पण बोलणं जवळजवळ नाहीच. तरुणपणी ते लाकूडतोडे होते. नंतर ते काम त्यांनी एकाएकी सोडलं आणि मासेमारी धरली. त्यामागं एक गोष्ट होती, आणि त्या गोष्टीपायी सगळं तळं त्यांना ‘आगलाव्या’ म्हणायचं. घरात मात्र तो शब्द कुणी उच्चारत नसे.

ग्रासिएमाला मिथेन मोजायचा होता. तळ्याच्या कडेला चिखलात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात ना, तो वायू. पाण्याखाली पानं कुजतात, तिथं हवा पोचत नाही, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव त्या कुजक्यातून तो तयार करतात, असं तिनं सांगितलं. मोजायची रीत साधी होती. एक बादली पाण्यावर उपडी तरंगत ठेवायची, तिच्या बुडातून निघालेली नळी पिवळ्या पेटीला जोडायची आणि पाच मिनिटं पेटीवरचा आकडा बघत बसायचं. साध्या हवेत तो आकडा दोनच्या आसपास असतो. पाण्यातून वायू आला की चढतो. दोन, सव्वादोन, अडीच. मग बादली उचलून पुढं जायचं.

सतरा दिवस आम्ही बादली घेऊन फिरलो. उघड्या तळ्यावर, रानाच्या कडेला, पार आत, जिथं भर दुपारी पाणी कॉफीसारखं काळं दिसतं आणि वरून फळ पडलं की खाली मासा ते पोचायच्या आत गिळतो. आकडा सगळीकडे थोडासा चढायचा. ग्रासिएमा लिहून घ्यायची. पहिल्या आठवड्यात ती लिहिताना गुणगुणायची. दुसऱ्या आठवड्यात गुणगुणणं थांबलं.

कारण होतं ते विमान. दोन आठवड्यांतून एकदा एक छोटं विमान यायचं, खूप उंचावरून गोल गोल घिरट्या घालत रानाच्या माथ्यापर्यंत उतरायचं आणि निघून जायचं. त्याचं काहीतरी हरवलंय अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत होती. खरं तर ते वेगवेगळ्या उंचीवरची हवा बाटल्यांत भरून नेत होतं, आणि ग्रासिएमाचेच सोबती ती हवा तपासत होते.

“त्यांचा हिशोब म्हणतो, या रानातून तीन वाटे मिथेन वर जातोय,” एकदा तांदूळ निवडता निवडता ती मला म्हणाली. “आणि माझ्या बादलीत सापडतोय एकच वाटा. ताई, दोन वाटे कुठं गेले?”

“विमान चुकत असेल.”

“चार वर्षं चुकेल? माझे साहेब म्हणतात, तुझीच बादली गळतेय. बादली मी अकरा वेळा तपासली.” तिनं हातातले खडे पाण्यात टाकले. “इतका मोठा वायू माझ्या डोळ्यासमोरून वर चाललाय, आणि मला तो दिसत नाही.”

अठराव्या दिवशी, रविवारी, देउसिमारकाका जेवायला आले. येताना एक हातभर लांबीचा तांबाकी मासा घेऊन आले. देउसिमार म्हणजे वडिलांचे जुने जोडीदार. दोघांनी एका करवतीची दोन टोकं धरून बारा वर्षं लाकूड तोडलं होतं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. माशाची बरगडी चोखत त्यांनी ग्रासिएमाला विचारलं, “काय डॉक्टरबाई, सापडला का तुमचा पळालेला वायू?”

“नाही हो काका.”

“मग शेजारी बसलाय त्याला विचारा की! आमच्या ओस्मारिनोनं झाडाच्या पोटातला वायू पेटवलाय. स्वतःच्या हातानं! भुवया गेल्या, अर्धी दाढी गेली. काय रे आगलाव्या, सांग की बाईंना.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. वडिलांनी ताटातलं मूठभर कसाव्याच्या कंदाचं पीठ परत वाडग्यात टाकलं, उठले, आणि मागच्या फळीवर जाऊन होडी सोडायला लागले.

“काका, पुरे,” मी म्हणाले.

“अगं, थट्टा केली! शेहेचाळीस वर्षं करतोय. बाई, त्या दिवशी उसाची दारू जरा जास्त झाली होती त्याला, दुसरं काय—”

पण बाई ऐकतच नव्हती. ताट तसंच टाकून ती धावत मागं गेली. वडील होडीत उतरले होते. तिनं फळीवर गुडघे टेकून होडीचा काठ घट्ट धरला.

“काका, ज्योत कुठल्या रंगाची होती?”

वडिलांनी मान वर केली. ते तिच्याकडे बघत राहिले. हसतेय का, ते पाहत असावेत.

“निळी,” ते म्हणाले. “शेंड्याला थोडी पिवळी. पण निळी.” मग जरा थांबून म्हणाले, “रंग मला आजवर कुणी विचारला नव्हता.”

आणि मग माझ्या वडिलांनी, ज्यांच्या तोंडून मी उभ्या जन्मात सलग दहा वाक्यं ऐकली नव्हती, होडीत उभ्यानं सगळं सांगितलं. मानाउस शहरातल्या कारखान्याला सुमाउमाचं लाकूड हवं होतं. पाणी ओसरल्यावर तोडायचं, पूर आला की ओंडके तरंगवत न्यायचे. तसलंच एक सुमाउमाचं झाड, पाच माणसांच्या कवेत न मावणारं. देउसिमार तिथून लांब जेवण रांधत होते. वडील एकटेच भिंतींसारख्या पसरलेल्या मुळांवर उभे राहून कुऱ्हाड घालत होते. घाव गाभ्यापर्यंत गेला आणि झाडानं शीळ घातली. बारीक, लांब, थांबेना. त्यांनी वाकून पाहिलं. तोंडात विडी होती.

“भुवया जळल्या त्याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण ते झाड उभं होतं आणि त्याच्या छातीतून ज्योत येत होती. कितीतरी वेळ. मी म्हटलं, आपण जिवंत माणसाला कापतोय. देउसिमार पोचला तोवर विझली होती.”

देउसिमारकाका दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात माशाचा काटा तसाच होता.

ग्रासिएमाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसतही होती. “मी मूर्ख आहे,” ती म्हणाली. “मूर्ख! मी पाणी मोजत बसले. चिखलात मुळं कुणाची आहेत? झाडांची. मुळांतून वर काय चढतं?”

त्या दुपारी आमच्या घराची दशा झाली. खोडाला गोल बसेल अशी बादली कुठून आणायची? ग्रासिएमानं नकाशांवरचं जाड, पारदर्शक प्लास्टिक काढलं. माशांच्या बर्फाची माझी थर्मोकोलची पेटी वडिलांनी न विचारता कापली, पण तिच्या कडा खोडाला घट्ट बसेनात. मग माझ्या गादीतला स्पंज गेला. दोन पट्टे देउसिमारकाकांच्या इंजिनाचे. ते स्वतःहून सोडून त्यांनी आणून दिले आणि वडिलांकडे न बघता म्हणाले, “घे, हे ताणतात चांगले.”

सकाळी आम्ही चौघं निघालो. रानाच्या आत वारा नव्हता. होडी खोडांमधून सरकत होती. दूर कुठंतरी एक बोतो वर आला, फुस्स करून श्वास सोडला आणि परत खाली गेला. त्या डॉल्फिनचा आवाज मी जन्मापासून ऐकतेय, पण त्या दिवशी आम्ही चौघंही दचकलो.

पहिलं झाड मुनगूबाचं निवडलं, मांडीपेक्षा थोडं जाड. ग्रासिएमा होडीत उभी राहिली, आपल्या खांद्याच्या उंचीवर तिनं प्लास्टिक गुंडाळलं, स्पंज दाबला, पट्टे आवळले आणि नळी जोडली. पेटी माझ्या मांडीवर होती. आकडा दोन. पाच मिनिटांनी दोनपेक्षा थोडा जास्त. बादलीइतकासुद्धा नाही.

ग्रासिएमानं खालचा ओठ चावला.

“खाली घे,” वडील म्हणाले.

“काय?”

“शीळ बुंध्यातून आली होती, शेंड्यातून नाही. पोरी, पाण्याला टेकव.”

तिनं पट्टे सोडले, होडीत आडवी झाली आणि वडिलांनी तिचे पाय धरले. पाण्यापासून वीतभर वर तिनं ते सगळं परत बांधलं. तिची एक वेणी पाण्यात तरंगत होती.

मी आकडा वाचायला लागले. “दोन. अडीच. साडेतीन.” मग मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. “ग्रासी, सहा. नऊ. हे काय गं? चौदा. बावीस!”

“वाचत राहा, ताई, थांबू नको—”

“एकतीस. चाळीस. पन्नासच्या वर गेला.”

झाड तसंच उभं होतं. पानही हलत नव्हतं. एक मुंग्यांची रांग त्याच्यावरून शांतपणे वर चालली होती. मी त्या झाडाखालून हजार वेळा गेले असेन, त्याच्या लाल बोंडांतला कापूस उशीत भरला असेल. आणि ते सगळा वेळ, तोंड नसताना, आवाज न करता, चिखलाच्या पोटातलं काहीतरी ओढून आभाळात सोडत होतं.

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. देउसिमारकाकांनीही काढली.

“दुसरं झाड,” ग्रासिएमा घोगऱ्या आवाजात म्हणाली. “एखादंच असं असू शकतं.”

दुसरं झाड अठ्ठावीस. तिसरं सत्तर. चौथं अकरा. पाचव्याला आकडा इतका पळाला की ती म्हणाली, पेटी चुकत असेल. परत लावली, परत तितकाच. दुपारपर्यंत आम्ही तेरा झाडं मोजली. एकही गप्प निघालं नाही. शेवटी तिनं नळी काढली, होडीत उताणी पडली आणि वर बघत राहिली. मीही पाहिलं. चारी बाजूंना, नजर पोचेल तिथवर, त्याच्याही पलीकडे तेफे शहरापर्यंत आणि तेफेच्याही पुढं, खोडं, खोडं, खोडं. मला मोजता येईना. मी होडीचा काठ धरला.

“हा वायू चांगला नसतो ना?” परतताना देउसिमारकाकांनी विचारलं. “रेडिओवर ऐकलंय. पृथ्वी तापते यानं. मग आता शहरातले लोक म्हणतील, तोडा हे रान.”

वल्हं मारता मारता वडील थांबले. त्यांनाही हेच विचारायचं होतं, हे मला पाठीवरून कळलं.

“हे रान हजारो वर्षं असंच श्वास सोडतंय, काका,” ग्रासिएमा म्हणाली. “जगाला त्याची सवय आहे. वाढलंय ते आपलं. गुरं, कचरा, तेलाच्या विहिरी. पण रानाचं किती हे नीट माहीत नसेल, तर आपलं किती हे कसं सांगणार? म्हणून मोजायचं. आणि लाकडात, मातीत हे रान जो कार्बन धरून ठेवतं, तो रान तोडलं तर सगळा सुटेल.”

“म्हणजे तोडायचं नाही,” वडील म्हणाले.

“नाही.”

ते परत वल्हवायला लागले. थोड्या वेळानं, आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, “मी तीनशेच्या वर तोडली.”

त्या पुरात आम्ही आठशे बारा झाडं मोजली. प्रत्येक झाडावर, जिथं पाणी टेकलं होतं तिथं, वडिलांनी पत्र्याचा नंबर ठोकला. ते खिळा ठोकायच्या आधी खोडावर तळवा ठेवायचे. का, ते मी विचारलं नाही. पुढं दोन वर्षांनी ग्रासिएमाचा छापलेला लेख आला, त्यात हरवलेल्या दोन वाट्यांपैकी बराचसा वायू झाडांच्या नावावर जमा झाला होता. शेवटच्या पानावर आभारांत वडिलांचं नाव होतं. वडिलांना वाचता येत नाही. देउसिमारकाकांनी ते तळ्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं आणि जणू ज्योत त्यांनीच पाहिली होती असं वर्णन करून सांगितलं. वडिलांनी त्यांना अडवलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या पुराच्याच सालच्या ऑक्टोबरचं. ग्रासिएमा परत आली तेव्हा पाणी पार ओसरलं होतं. जिथं आम्ही होडीतून गेलो होतो तिथं आता पायानं जायचं होतं. तिनं कोरडं रान कधी पाहिलं नव्हतं. वडील पुढं, मग ती, मग मी पेटी घेऊन. पायाखाली चिखल वाळून त्याचे ताटाएवढे तुकडे उलटे वळले होते. ती नंबराची झाडं शोधत होती, डोळ्यांच्या उंचीवर.

“एकशे सात इथंच असायला हवं,” ती कागद बघत म्हणाली. “काका, पत्रे पडले का?”

वडिलांनी बोट वर केलं.

तिनं मान वर केली. आणखी वर केली. आमच्या डोक्यापासून तीन पुरुष उंचीवर, फांद्या फुटतात तिथं, तो पत्रा उन्हात चमकत होता. त्याच्या पलीकडे एकशे आठ, एकशे नऊ, सगळे एका सरळ रेषेत, रानभर, जणू आभाळात कुणी दोरी ताणली होती. मे महिन्यात ती तिथं होडीत आडवी झाली होती आणि माझ्या वडिलांनी तिचे पाय धरले होते.

ती मटकन एका मुळावर बसली. “मी तिथं वर होते?” ती म्हणाली. “ताई, आपण तिथं वर होतो?” मी नुसती मान हलवली. मलाही, जन्म इथंच गेला तरी, त्या दिवशी ते नवीन दिसत होतं.

मग तिनं एक लोखंडी कडं जमिनीत दाबलं, त्यावर झाकण बसवलं, नळी जोडली. आता पाणी नाही तेव्हा जमीन किती सोडते, ते बघायचं होतं. वडील उकिडवे बसले. मी वाचायला घेतलं.

“दोन. दोनच. एक पूर्णांक नऊ.” मी पेटीवर टिचकी मारली. “ग्रासी, ही बिघडली. आकडा उतरतोय.”

ती माझ्या खांद्यावरून वाकली. “एक आठ,” ती पुटपुटली. “नाही बिघडली. उतरू दे.”

“उतरतो म्हणजे?”

“म्हणजे झाकणाखालच्या हवेत जो मिथेन होता, तो जमीन आत घेतेय.”

वडिलांनी हळूच, आवाज होऊ नये असा, तळवा झाकणाशेजारी मातीवर टेकला. “पितेय?” त्यांनी विचारलं.

“पितेय, काका.”

एक पूर्णांक सात. कुठंतरी लांब एक फळ वाळक्या पानांवर पडलं. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, झाकण काढायला हवं होतं, पुढची जागा बघायची होती. आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो, आणि मी हलक्या आवाजात वाचत गेले. एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक पाच.